उस्मान पिंजाऱ्याच्या हातातला दगड

१

उस्मान पिंजारी कापसातली सरकी काढणाऱ्या जीनसमोरच्या रस्त्यावर उताणा पडला होता आणि त्याच्या उजव्या हाताशी एक दगड होता. पंचनाम्यात तसं लिहिलं, पेपरात तसा फोटो छापला, आणि सरकारचं सगळं म्हणणं त्या एका दगडावर बूड टेकून बसलं. कापसाची खरेदी बंद झाली म्हणून गाडीवाले भडकले, उस्मान दगड घेऊन पोलिसांच्या अंगावर धावला, शिपायानं जीव वाचवायला गोळी झाडली, ती छातीत घुसून पाठीतून निघून गेली. संपलं. माणूस दंगेखोर, फाइल बंद.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. तेव्हा वऱ्हाडात माणूस मेला की सरकार आधी त्याचा रकाना शोधायचं. औषध पिऊन मेला तर पात्र की अपात्र, हे ठरवायला साहेब घरी यायचे, चहा प्यायचे. गोळीनं मेलेल्याला तर रकानाच नव्हता. त्याच्या घरी चहा प्यायलाही कोणी आलं नाही.

उस्मानची मोठी बहीण अनीसा अकोल्याला उर्दू शाळेत शिकवायची. खबर लागली तशी निघाली, तर बंदोबस्तापायी बस मूर्तिजापूरलाच अडवली. भातकुलीच्या पुढं पूर्णेच्या खोऱ्यात खारखेड, तिथं ती पोचली तेव्हा भावावर माती पडून गेली होती. 'दिवस बुडायच्या, मगरिबच्या आत दफन करा, नाहीतर मय्यत आम्ही घेऊन जातो,' असा दम फौजदार तांबवेकरनं दिला होता. गावाला मशिदीच्या गल्लीतही येऊ दिलं नाही. जिला भाऊ कडेवर घेऊन मिरवायची सवय, तिनं त्याचं शेवटचं तोंडही पाहिलं नाही.

उन्हाळ्यात प्रांतसाहेबांच्या चौकशीची शेवटची तारीख निघाली. घरच्यांना काही सांगायचं असेल तर त्या दिवशी अमरावतीला या. नंतर उस्मान कायमचा दंगेखोर. शाळेला सुट्टी लागली त्याच दिवशी अनीसानं माहेर गाठलं.

घर होतं तसंच होतं. अब्बा गेल्यापासून त्यांचं कापूस पिंजायचं पिंजण खुंटीला टांगलेलं. दिवाळीच्या आधी अब्बा ते खांद्यावर टाकून गल्लीतून निघाले की तारेचा तुंई-तुंई आवाज चार घरं आधी पोचायचा, आणि बाया आतूनच ओरडायच्या, "पिंजारी आला व, गाद्या काढा!" मागं अनीसा आणि उस्मान. उडालेली रुई उस्मानच्या भुवयांवर बसायची अन् तो म्हातारा होऊन खोकून दाखवायचा. लोक पोट धरून हसायचे. खोटं खोटं म्हातारं होता होता खरं म्हातारं व्हायचं त्याचं राहूनच गेलं.

आई बिस्मिल्लाबी चुलीशी बसली होती. पोरगा गेल्यापासून ती मोजकंच बोलायची.

"काय करशीन तारखेले जाऊन?" ती म्हणाली. "तो काय उठून येते?"

"उठून नाई येत, अम्मी. पण कपाळावर दंगेखोर लिहून निजवलं त्याले. ते पुसाचं हाय."

"लिवणारे मोठे हायेत, बेटा."

"मोठे असतीन. खोटं लिहिलं असन तं कुठंतरी चुकले असतीन."

पेपरातलं ते कात्रण अनीसानं बाहेर आणलं. आजवर तिनं त्यात फक्त भावाचा चेहरा पाहिला होता. आज पहिल्यांदा तिनं दगड पाहिला. नीट पाहिला. उन्हात धरून पाहिला.

अर्धा दगड काळा होता. अर्ध्याला चुना लावलेला होता.

२

पंजाबराव अंगणात दोर वळत बसले होते. उस्मान त्या दिवशी त्यांच्याच बैलगाडीवर बसून जीनपर्यंत गेला होता. त्यांच्या घरची प्रत्येक गादी अनीसाच्या अब्बानं पिंजलेली आणि त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीवर ही दोन पोरं वाढलेली.

"आली का मास्तरीन बाई!" त्यांची बायको गोदाबाई आतून म्हणाली. "वाळून काडी झाली पाहाय. अकोल्यात भाकरी देत नाईत का व नवऱ्याच्या घरी?"

"देतात, काकू. तुमच्या चटणीवाचून उतरत नाई."

गोदाबाई हसत चटणी काढायला वळली. अनीसानं कात्रण पंजाबरावांपुढं ठेवलं.

"काकाजी, एवढा दगड खारखेडात कुठं भेटते?"

पंजाबरावांनी कात्रणाकडं वाकून पाहिलं. दोर हातातच राहिला.

खारखेडात दगड नसतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणसाच्या उंचीच्या दसपट खणलं तरी काळी मातीच लागते आणि खाली खारं पाणी. उस्मान आणि पंजाबरावांचा बंडू गोफण फिरवायचे तर दगड कुठून आणणार? मातीच्या गोळ्या वळायच्या, अनीसानं त्या गच्चीवर वाळत घालायच्या, आणि पाखरं हाकायला बंडूच्या वावरात न्यायच्या. वळताना बोलाचाली व्हायची, मोठी कोणाची, गोल कोणाची. बंडू आता सुरतेला. गोफण कुठं गेली कोण जाणे. ज्या गावची पोरं माती वळून भांडायची, त्या गावच्या पोरानं म्हणे दगड मारला.

"तांबवेकर घाटाखालचा मानूस," पंजाबराव म्हणाले. "त्याच्या गावात खाली वाकलं का गोटा हाती येत असन. त्याले वाटलं, सगळीकडं तसंच. पण मीबी किती येडा. हे मले सुचलं नाई पाहाय."

"त्या दिवशी काय झालं ते सांगा ना. पयलेपासून."

"काय सांगू, माय. गाड्यांची लाइन लागलेली. ग्रेडरनं खरेदी बंद केली, लोक बोंबलून राहिले होते. उस्मान गाडीवरून उतरला. 'काकाजी, लगेच येतो' म्हने. गेला गर्दीत. मंग पोलिसायनं बार काढले, फाट फाट, कोरडे. माहे बैल उधळले. मी त्यायच्या मागं. धरून आनले तं हा रस्त्यावर पडेल."

"गोळी लागताना कोणी पाहिलं?"

"कोणीच नाई. सगळे पळत होते." त्यांनी दोर खाली ठेवला. "पण एक गोष्ट. कोरडे बार झाले, मंग बैलामागं धावताना आणखीन एक ऐकला. तो येगळा होता. दबका. म्या पोलिसाले सांगतलं तं म्हने, म्हाताऱ्या, कान दाखव डाक्टरले."

"दबका म्हंजे कसा?"

पंजाबरावांनी मान वळवून घराच्या भिंतीकडं पाहिलं.

"असा. भिंतीच्या पल्याडून आल्यावानी. पोरी, तो बार रस्त्यावरचा नव्हता."

३

ज्याच्या गोळीनं उस्मान मेला असं कागदावर होतं, तो शिपाई गावंडे भातकुलीत घरी बसून होता. निलंबित. अनीसा दारात उभी राहिली तेव्हा त्याची बायको शकुन अंगावर आली.

"कोण तुमी? पेपरवाले का? माह्या घरात आता सांगासारखं काई नाई."

"मी उस्मानची बहीण."

शकुनचा हात दारावरच राहिला. आतून गावंडे म्हणाला, "येऊ दे तिले."

चाळिशीच्या आतला माणूस, पण खाटेवर म्हाताऱ्यासारखा बसलेला. त्यानं अनीसाकडं पाहिलं नाही. ती वाटेत ठरवून आली होती की याच्या तोंडावर थुंकायचं. समोर बसल्यावर थुंकी घशातच सुकली.

"तुम्ही मारलं का माह्या भावाले?"

"मी हवेत झाडल्या, बाई. माहा बापही कापूसवालाच. त्या लाइनीत माह्या मामाची गाडी होती."

"मंग सही काहून केली? कबूल लिहून दिलं ना तुम्ही!"

"साहेब म्हने, जीव वाचवाले झाडली म्हनून लिव, तुले काई होत नाई, लवकर परत घेतो." तो कडवट हसला. "पाहून राह्यल्या ना. घेतलं परत."

"अन् तू बायल्यावानी आयकलं," शकुन दारातून म्हणाली. "बाजारात बाया माह्याकडं बोट दाखवतात, ते तुले दिसत नाई."

"तू चूप बस व."

"नाई बसत. सांग तिले रायफलीचं. मले झोपीत बडबडून सांगते, तिले सांग."

गावंडेनं पहिल्यांदा मान वर केली. "कागदात लिवलं, मी समोरून झाडली, तो जवळ होता. एवढ्या जवळून रायफलची लागली असती ना बाई, तं मानसाच्या आरपार जाऊन मागच्या गाडीचा बैल पडला असता. गाड्या ओळीनं लागेल होत्या. एका बैलाले, एका चाकाले, कायलेच खरोच नाई. मी रोज रात्री तेच पाहातो. माही गोळी कोणाले लागलीच नाई."

"मंग कोणाची?"

"मले खरंच मालूम नाई. माही पाठ जीनच्या फाटकाकडं होती. आमी सगळे रस्त्यावर, फाटकाच्या बाहेर. धुरळा बसला, वळून पाहिलं तं तो मागं पडेल होता."

"मागं? म्हंजे फाटकाच्या बाजूनं?"

"हो."

समोरून धावून येणारा माणूस पोलिसांच्या मागं जाऊन पडला! एवढं सरळ खोटं, आणि ते लिहिताना कोणाचा हात थरथरला नाही.

"फाटकाच्या आत कोण होतं?" अनीसानं विचारलं.

गावंडेनं बायकोकडं पाहिलं. शकुननं दार ओढून घेतलं.

"जीनचा चौकीदार शिवपूजन, त्याच्या बंदुकीसकट," तो हळू म्हणाला. "अन् हापिसात फोनवर, तांबवेकर साहेब."

४

सीझन संपल्यावरचं जीन म्हणजे लग्न आटोपलेला मांडव. ज्या आवारात पांढरे डोंगर उभे असायचे तिथं आता कुत्री झोपलेली. पूर्वी सकाळचा भोंगा वाजला की सगळं गाव त्यावर चालायचं. कोणाच्या घरात घड्याळ नव्हतं आणि कोणाला उशीर होत नव्हता. अब्बा वर्षाला इथूनच गादीची रुई न्यायचे. ते सौदा करत तोवर उस्मान कापसाच्या गंजीत गळ्यापर्यंत शिरून बसायचा आणि हमाल लटकेच ओरडायचे, "अरे, सरकीत पोट्टा निघाला!" तेव्हाचा शेठ स्वतः त्याला हात धरून काढायचा, खिशातून गोळी द्यायचा. गोळी म्हणजे लिमलेटची. तेव्हा खारखेडात गोळी म्हटलं की लिमलेटचीच.

फाटकातल्या दिंडीतून, छोट्या दारातून, अनीसा आत शिरली. शिवपूजन बंदूक मांडीवर घेऊन बाजेवर बसला होता.

"बाई, शेठ नहीं हैं."

"शेठशी काम नाई. तुमच्या बंदुकीशी हाय."

तो दचकला, मग दात काढून हसला. "ये? ये तो छर्रे की है. चलाओ तो छलनी कर देती है. इससे बंदर भगाता हूँ, आदमी नहीं."

"त्या दिवशी चालवली होती?"

"मैं तो मशीनघर के पीछे था. ताला मार रहा था. गोली हमने नहीं चलाई, बाई. और जो देखा नहीं, वो बोलूँगा नहीं."

खरं का खोटं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. अनीसा ऑफिसकडं वळली आणि पाय जागीच थांबले.

ऑफिसपुढं मोगऱ्याचा वाफा होता. शेठनं हौसेनं दुरून गोटे आणून वाफ्याला गोल लावले होते. प्रत्येक गोटा वरून चुन्यानं रंगवलेला, खालून काळा. एकसारखे दात लावावे तसे. आणि त्या दातांत एक खोटा दात होता. एका जागी गोट्याऐवजी वीट रोवून तिलाही चुना फासलेला.

म्हणजे दगड रस्त्यावरचा नव्हता. आतून गेला होता. आणि उस्मान?

"तू उस्मानची अनीसा ना व?" मागून आवाज आला. तानुबाई, हातात झाडू. जन्म जीनमध्ये गेलेला, केस कापसासारखेच झालेले.

"हो, तानुबाई. मले एकच सांग. उस्मान त्या दिवशी आत आला होता का?"

तानुबाईनं शिवपूजनकडं पाहिलं. तो उठून फाटकाकडं चालू लागला, पाठ फिरवून. ही त्याच्या परीनं त्यानं केलेली मदत होती.

"आलता ना. दरसाली येते तसाच. दिंडीतून आला. म्याच त्याचं गाठोडं भरलं, ताज्या रुईचं, पाठीवर चढवून देल्लं. त्याले म्हनलं, बाहेर गोंधळ हाय, थांब. तं म्हने, काकाजी वाट पाहून राहिले. तेवढ्यात मुनीमजीनं आमा बायायले मागच्या दारानं घरी हाकललं."

"हे कोणाले सांगतलं काहून नाई?"

"मले इचारलं कोण?" तानुबाई फाडकन म्हणाली. "सायेब आले, शेठशी बोलले, गेले. आन मी काई बोलली असती तं हा झाडूबी गेला असता हातचा." मग तिचा आवाज उतरला. "दुसऱ्या दिवशी आली तं हापिस आन फाटकाच्या मधात फरशी धुयेल होती, ओली. म्या म्हनलं, भर सीझनमधी जीनमधी पानी कोणं टाकलं? अठी तं आमी झाडतो, धुवत नाई. कापूस वला झाला का सडते. मुनीमजी म्हने, ताक सांडलं."

"अन् गाठोडं?"

"ते पुन्ना नाई दिसलं, माय."

५

आता अनीसाला ठाऊक होतं की भाऊ आत मेला. पण गोळी समोरून लागली की मागून, छऱ्याची की दुसरी, हे सांगणारा कागद एकच होता: शवविच्छेदनाचा. तो कागद म्हणत होता, छातीतून पाठीत. कागद लिहिणारा डॉक्टर बदली घेऊन निघून गेला होता. आणि ज्यांनी ते अंग खरंच पाहिलं, त्यातला एक मशिदीतला म्हातारा, मोतीबिंदूनं अर्धा आंधळा. त्यानं फक्त पाणी ओतलं. दुसरे होते जुबेरमामू. त्यांनी उस्मानला शेवटची आंघोळ घातली होती.

मामू दुपारच्या उन्हात ओट्यावर रजई टाचत बसले होते. प्रश्न ऐकून सुई थांबली नाही.

"जे पुसून राहिली ते सांगता येत नाई, बेटा."

"काहून?"

"मय्यतीले नहलाणाऱ्यानं जे पाहिलं ते पोटात ठेवाचं असते. तोंडातून काढलं का गुनाह. माह्या बापानं मले हेच शिकवलं. आजवर गावातल्या कितीक जनायले नहलाणलं, कोणाच्या अंगाची गोष्ट बाहेर नेली नाई. आता उस्मानची नेऊ?"

अनीसाला एकदम सगळं कळलं. सगळे महिने घरातलाच माणूस सगळं जाणून गप्प बसला होता, आणि भीतीनं नाही, इमानानं. पोलिसांना याला धमकवायची गरजही पडली नव्हती. राग आला आणि रडूही.

"मामू, कोणाची गोष्ट झाकाची असते? मय्यतीचा ऐब, अंगातली खोट ना?"

"हो. ऐब."

"मंग जखम उस्मानचा ऐब हाय का?"

सुई थांबली.

"ज्यानं मारलं त्याचा ऐब हाय तो," अनीसा म्हणाली. "तुम्ही आपल्या पोराची अब्रू नाई झाकून राहिले, मामू. मारणाऱ्याची झाकून राहिले. अन् तिकडं उस्मानले दंगेखोर म्हणतात, ती बेअब्रू उघडीच पडली हाय. वर जाऊन त्याले काय सांगान?"

मामूंनी रजई बाजूला सारली. आपली बोटं पुढं धरली.

"कफनाले खून लागू नये म्हनून जखमेवर कापूस ठेवतात. मी पाठीच्या जखमेले कापूस लावाले गेलो. तं तिथं आदीच कापूस होता."

अनीसा पुढं सरकली. "सरकीवाला, का रुई?"

"पिंजारी हाव मी. बोटाले कळते ना. रुई. साफ, ताजी. आत खोल गेलती, बोटानं निघेना. तशीच राहू देल्ली."

"अन् छातीवर?"

"छातीवर कायचं? छाती लेकराच्या छातीवानी साफ होती."

"छेद एकच?"

"एकच. पाठीत."

"टाके? चिरलेल्या मय्यतीले टाके असतात ना, गळ्यापासून पोटापर्यंत?"

"सांगून तं राह्यलो, समोरून कुठं कायचाच डाग नव्हता. चिरलंच नाई त्याले कोणी."

अनीसा उठून उभी राहिली. शाळेत फळ्यापुढं उभी राहायची तशी.

"ऐका, मामू. रस्त्यावरच्या गाड्यायमधी सरकीचा कापूस होता. रुई फक्त मशीनघरात निघते. म्हंजे उस्मान पाठीवर रुईचं गाठोडं घेऊन आतून फाटकाकडं येऊन राहिला होता, अन् गोळी गाठोड्यातून पाठीत घुसली. मारणारा त्याच्या मागं, आवाराच्या आत. गावंडे पुढं, रस्त्यावर. त्याची असती तं छातीत लागती. शिवपूजनची बंदूक छऱ्याची. त्याची असती तं पाठीची चाळणी झाली असती. छेद एक. आत उरलं हत्यार एकच. हापिसातून फोन ठेवून बाहेर निघालेल्या माणसाच्या कमरेले. बाहेर बार ऐकू आले, समोर गाठोडं घेऊन पळणारा माणूस दिसला. त्याले वाटलं, लोकं आत घुसले, माल लुटून राहिले. हाक मारली नाई, पुसलं नाई. मंग वाफ्यातला गोटा उचलला, मय्यत दिंडीतून बाहेर ठेवली अन् गोटा हाताशी ठेवला. फरशी धुतली."

"तांबवेकर," मामू पुटपुटले.

"पण लिहिलं तं हाय का गोळी आरपार गेली." अनीसा बोलता बोलता थबकली. मागून एक छेद. समोरून काहीच नाही. चिरलेलंही नाही.

"मामू," ती म्हणाली, "मंग गोळी गेली कुठं?"

दोघांनीही एकाच वेळी मान वळवली. गल्लीच्या टोकाला, बाभळींच्या आड, कब्रस्तानची भिंत उन्हात तळपत होती.

६

प्रांतसाहेब ऐकून घेणारा माणूस निघाला, हे उस्मानचं मेल्यानंतरचं नशीब. मामूंनी सांगितलं, तानुबाईनं सांगितलं, आणि गावंडेनं शकुनला शेजारी उभी करून पहिला जबाब मागं घेतला. प्रांतांनी चष्मा काढला.

"हे सगळं तोंडी आहे. समोर सरकारी डॉक्टरची सही आहे. कबर उघडली तरच काही होईल. तसा अर्ज घरच्यांनी द्यावा, मी आदेश काढतो."

बातमी खारखेडला त्यांच्या आधी पोचली. संध्याकाळी गल्लीतली चार वजनदार माणसं ओट्यावर येऊन बसली. निजलेल्याला उठवू नये, असं त्यांचं म्हणणं. एक जण म्हणाला, "गोळी निघालीच नाई तं? मय्यतीची बेहुरमती, विटंबना झाली अन् हाती काई नाई." अनीसाच्या तर्कात कुठं एक टाका सुटला असेल तर भावाची कबर तिनं फुकट उकरली असं होणार होतं.

सगळे बिस्मिल्लाबीकडं पाहू लागले. ती तांदूळ निवडत होती. निवडून झाले, सूप झटकलं, मग बोलली.

"पोट्ट्याले लपवून गाडलं त्यायनं. मुर्गी चोरून पुरतात ना, तसं. ना बहिणीनं तोंड पाहिलं, ना गावानं माती देल्ली. तो निजला नाई बाप्पा, दाबून ठेवला त्याले." तिनं अर्ज ओढला. "अंगठा कुठं लावाचा, दाखव."

कबर उघडली त्या सकाळी सगळं खारखेड लोटलं. अमरावतीहून डॉक्टर आले, कनात लागली. बाया भिंतीबाहेर, बिस्मिल्लाबी सगळ्यांच्या पुढं, फाटकाला धरून. पंजाबराव टोपी हातात घेऊन उभे. गावंडे लांब एकटाच उभा होता, तर गोदाबाईनं सगळ्यांदेखत त्याला हाक मारली, "इकडं ये रे, तिकडं काय परक्यावानी!" खूप वर्षांपूर्वी असंच सगळं गाव एका जागी जमायचं, ताजियाला असो की पोळ्याला. आता जमलं ते यासाठी. पण जमलं.

कनातीच्या आत बराच वेळ काहीच नाही. अनीसा भिंतीला टेकून खाली बसली. मनात एकच: निघाली नाही तर?

मग एका भांड्यात काहीतरी टणकन पडलं.

डॉक्टर बाहेर आले, प्रांतांच्या कानाशी बोलले. प्रांतांनी लिहून घेतलं आणि मामूंना खूण केली की आता बंद करा. मामू खाली वाकले, तोच फाटकातून आवाज आला.

"थांब जुबेर! माती नोको देऊ." बिस्मिल्लाबी. "साहेब, काय लिवलं ते वाचा. अठीच. लोकायपुढं."

"आजी, अहवाल तुम्हाला रीतसर मिळेल..."

"रीतसर गाडलं होतं त्याले पयले. वाचा."

प्रांतांनी इकडं तिकडं पाहिलं. सगळं गाव त्यांच्याकडं पाहत होतं. त्यांनी घसा साफ केला. "मयत उस्मान यांच्या पाठीत..."

"मोठ्यानं."

"पाठीत!" प्रांत ओरडून वाचू लागले. "पाठीत गोळीची एकच जखम. जखमेत कापसाचे तंतू. छातीवर जखम नाही. पूर्वी शवविच्छेदन झाल्याची खूण नाही. गोळी शरीरात मिळाली. ती रायफलची नसून रिव्हॉल्वरची आहे."

कोणीतरी हुंदका दिला. पंजाबराव जोडे काढून आत आले. त्यांच्यामागं गावंडे, त्यामागं एकेक करत सगळे पुरुष, हिंदू-मुसलमान, मूठ-मूठ माती घेऊन. मातीत एक खडा नव्हता. अनीसानं भिंतीवरून पाहिलं. ती उस्मानला कडेवर घेऊन याच गल्लीतून फिरायची तेव्हा यातला प्रत्येक माणूस त्याचा गाल ओढायचा.

सगळं आटोपलं. उन्हं चढली. प्रांत जीपकडं आले तर पुढच्या सीटवर बिस्मिल्लाबी बसलेली होती, पदर नीट करून, दोन्ही हात मांडीवर.

"आजी, झालं आता," ते नरमाईनं म्हणाले. "घरी जा. आराम करा."

"कायचं झालं? गोळी कोणाची ते अजून लिवलं नाई तुमी." तिनं शेजारची जागा हातानं झटकली. "बसा. अमरावतीले चाला. फौजदाराचं नाव लिवाचं हाय."